नाटे–विजयदुर्ग किनाऱ्यावरील दोन ग्रहणे आणि निष्क्रिय मूलद्रव्यांचा इतिहास

१. प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, राजापूरच्या खाडीच्या मुखाशी उत्तर तीरावर नाटे हे गाव आहे. खाडीवर नजर ठेवणारा यशवंतगड याच गावात उभा आहे. समोरच्या तीरावर जैतापूर व त्यापलीकडे माडबन ही गावे असून, तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर वाघोटन खाडीच्या तोंडाशी विजयदुर्गाचा जलदुर्ग आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व किनारा एकाच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावरून दोन वेळा चंद्राची गडद छाया गेली: प्रथम १८ ऑगस्ट १८६८ रोजी आणि पुन्हा २२ जानेवारी १८९८ रोजी.

या दोन ग्रहणांभोवती कोकणात एक समजूत रूढ झाली आहे. विजयदुर्गावर काही चौथरे असून ते ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जातात. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली या ओट्यांवर दुर्बीण लावून सूर्यग्रहण पाहिले व हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असे सांगण्यात येते. अलीकडे १८ ऑगस्टचा दिवस तेथे हेलियमच्या स्मरणार्थ साजराही केला जातो. ही समजूत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. परंतु ती तपासून पाहताना रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक मूलगामी प्रश्न समोर येतो. जे मूलद्रव्य कोणत्याही पदार्थाशी संयोग पावत नाही, त्याचे अस्तित्व ज्ञात व्हावे तरी कसे? आणि ते संयोग का पावत नाही?

हेलियम प्रथम पृथ्वीवर न सापडता सूर्यावर सापडले, आणि तेही ग्रहणाच्या निमित्ताने, हा केवळ योगायोग नव्हता. त्याच्या अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचे केंद्राशी असलेले अतिदृढ बंधन हेच त्याच्या रासायनिक निष्क्रियतेचे, त्याच्या पृथ्वीवरील दुर्मीळतेचे आणि सूर्याच्या नित्य वर्णपटातील त्याच्या अदृश्यतेचेही मूळ कारण होय. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन ऐतिहासिक क्रमाने मांडले आहे.

२. १८६८ : छाया कोकणावर, वेध घाटापलीकडे

१८६८च्या ग्रहणाची छाया एडनकडून अरबी समुद्र ओलांडून सकाळच्या प्रहरी कोकणच्या किनाऱ्यावर आली आणि दख्खन पार करून मच्छलीपट्टणमजवळ बंगालच्या उपसागरात उतरली. पुढे ती सयामपर्यंत गेली. हिंदुस्थानात खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणार होती. नाटे आणि विजयदुर्ग ही दोन्ही ठिकाणे खग्रासपट्ट्यात येत होती. मात्र महिना श्रावण–भाद्रपदाचा असल्याने कोकण किनाऱ्यावर निरभ्र आकाशाची आशा धरणे कठीण होते. पश्चिम घाटाच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, ती अधिक होती.

त्यामुळे महत्त्वाची वेधपथके घाटापलीकडेच राहिली. सर जॉन हर्शेल यांचे पुत्र लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी रॉयल सोसायटीच्या वतीने पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ दिला. विजापूर येथे कॅप्टन हेग यांच्यापाशी हाती धरावयाचा लहान वर्णपटदर्शक होता. गुंटूर येथे मेजर टेनंट व फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सेन यांची दोन स्वतंत्र पथके होती, तर मच्छलीपट्टणम येथे मद्रास वेधशाळेचे पॉग्सन होते.

या सर्वांपुढील प्रश्न एकच होता. ग्रहणकाळी सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्यांचे स्वरूप कोणते? त्या स्वयंप्रकाशी वायूच्या असतील, तर वर्णपटदर्शकातून त्यांचा प्रकाश अखंड पट्ट्याच्या रूपात न दिसता सुट्या तेजोरेषांच्या रूपात दिसला पाहिजे. जमखंडीस ढगांनी अडथळा आणला. तथापि ढगांच्या फटींतून हर्शेल यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजोरेषा दिसल्या. गुंटूरच्या निरीक्षकांनीही ज्वाला वायुरूप असल्याचा निर्वाळा दिला. तांबड्या व निळ्या रेषा हायड्रोजनच्या होत्या. पिवळ्या–नारिंगी भागातील रेषा सोडियमच्या सुप्रसिद्ध ‘डी’ रेषेच्या इतकी निकट होती की बहुतेकांनी ती सोडियमचीच मानली. पाच मिनिटांच्या घाईत, ढगांशी झगडत घेतलेल्या मापांत यापेक्षा अधिक सूक्ष्मता येणे शक्य नव्हते.

जान्सेन यांनी मात्र एक महत्त्वाची गोष्ट हेरली. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट रोजी, त्यांनी लख्ख उजेडात सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक रोखून ज्वालांचे वेध घेतले. हीच पद्धत इंग्लंडमध्ये लॉकियर स्वतंत्रपणे अजमावीत होते. ग्रहणाच्या दिवशी ते विजयदुर्गावर तर नव्हतेच, हिंदुस्थानातही नव्हते. उपकरण हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना इंग्लंडमधूनच ज्वालांच्या तेजोरेषा दिसल्या. जान्सेन व लॉकियर या दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर रोजी, वाचले गेले. पुढे फ्रेंच शासनाने दोघांच्याही प्रतिमा असलेले पदक काढले. ते पदक ज्वालांचे वेध ग्रहणाविना घेण्याच्या पद्धतीसाठी होते, हेलियमसाठी नव्हते.

हेलियमचा प्रश्न उपस्थित झाला तो लॉकियर यांच्या निवांत मापनांतून. पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांपैकी कोणत्याच रेषेशी जुळत नाही, ती किंचित हिरव्या बाजूस सरकलेली आहे, असे त्यांना आढळले. आजच्या मापात सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत आणि ही तिसरी, म्हणजे ‘डी–३’ रेषा, ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या सहकार्याने लॉकियर यांनी हायड्रोजनवर निरनिराळ्या दाबांत व तापमानांत प्रयोग केले, परंतु ती रेषा हायड्रोजनपासून निघेना. तेव्हा ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, असा तर्क पुढे आला. १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरो येथील अध्यक्षीय भाषणात सर विल्यम टॉम्सन यांनी ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे उच्चारले. नावाच्या अखेरीचा ‘–इयम’ हा प्रत्यय धातूंना लावण्याचा प्रघात होता. नव्या द्रव्याविषयी त्या वेळी किती थोडे ज्ञात होते, ते यावरून कळते.

३. सत्तावीस वर्षांची प्रतीक्षा

वर्णपटावरून मूलद्रव्य शोधण्याची रीत १८६८ साली नवी नव्हती. बुन्सेन व किर्खहोफ यांनी १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम याच रीतीने शोधले होते. पण तेथे रेषा दिसताच अल्पावधीत त्या मूलद्रव्यांची लवणे हाती आली. ही दोन्ही मूलद्रव्ये अत्यंत क्रियाशील असून खनिजांत व खनिजजलांत संयुगांच्या रूपाने साठून राहिलेली होती. रेषेने त्यांचा पत्ता दाखविला, आणि रसायनज्ञाच्या नेहमीच्या हत्यारांनी, म्हणजे विद्रावण, अवक्षेपण व स्फटिकीकरण यांनी, ती पकडून दिली.

हेलियमच्या बाबतीत ही सर्व हत्यारे निरुपयोगी होती. पदार्थ ओळखावयाचा तो त्याच्या अभिक्रियांवरून, ही रसायनशास्त्राची मूळ पद्धती होय. ज्याला अभिक्रियाच नाही ते या जाळ्याच्या आसांतून निसटून जाते. आवर्त सारणीतही त्याला जागा नव्हती. मेंडेलीव्ह यांची सारणी १८६९ साली प्रसिद्ध झाली ती मूलद्रव्यांच्या संयुगांवरून, विशेषतः त्यांच्या ऑक्साइडांवरून व हायड्राइडांवरून, बेतलेली होती. ज्या मूलद्रव्यांना संयुगेच नाहीत त्यांचा एक संपूर्ण गण तिच्यात गळला आहे, अशी शंका येण्यास तिच्या रचनेत काहीच आधार नव्हता. परिणामी अनेक रसायनज्ञांच्या लेखी हेलियम ही ज्योतिर्विदांची एक सोयीस्कर कल्पनाच राहिली.

या काळात हा वायू मानवाच्या हातून प्रत्यक्ष गेलाही होता. १८८८ ते १८९० या दरम्यान अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातील हिलेब्रँड यांनी युरेनियमचे खनिज अम्लात तापविले असता एक अक्रियाशील वायू बाहेर पडला. अक्रियाशील असा वायू त्या वेळी एकच ठाऊक होता, तो म्हणजे नायट्रोजन. म्हणून हाही नायट्रोजनच, असे त्यांनी मानले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजनचा विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोग घडवून आणला, तेव्हा अखेरीस एक बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून अधिक नसावा, असे त्यांनी नोंदविले. हा बुडबुडा प्रामुख्याने आर्गनचा होता. पण जो काहीच करीत नाही त्याविषयी अधिक काय लिहावे? नोंद तशीच पडून राहिली.

ही कोंडी फुटली ती अभिक्रियेमुळे नव्हे, तर वजनामुळे. लॉर्ड रॅले हे वायूंच्या घनता मोजीत असता १८९२ साली त्यांना असे आढळले की, हवेतून मिळविलेला नायट्रोजन लिटरमागे सुमारे १.२५७ ग्रॅम भरतो, तर अमोनियासारख्या संयुगांपासून मिळविलेला सुमारे १.२५१ ग्रॅम भरतो. फरक अवघा अर्ध्या टक्क्याचा होता, परंतु मापनातील प्रमादापेक्षा तो कितीतरी मोठा होता. विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तप्त मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेऊन शोषून घेतला. शेवटी हायड्रोजनच्या सुमारे वीसपट घनतेचा एक वायू उरला आणि त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेनात. १८९४च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड येथे ही वार्ता जाहीर झाली. ‘आर्गन’ हे नाव आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले गेले.

आर्गनचा अणू एकटाच राहतो, दोन अणूंची जोडीही करीत नाही, हे ठरविण्यासही रासायनिक मार्ग नव्हता. त्या वायूतील ध्वनीच्या वेगावरून दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढण्यात आले. ते १.६६च्या आसपास आले, आणि एकाणुक वायूचे गुणोत्तर सिद्धान्ताप्रमाणे तेवढेच असावयास हवे. अशा रीतीने निष्क्रिय मूलद्रव्यांचा परिचय प्रकाश, वजन आणि ध्वनी या तीन भौतिक साक्षींवरून झाला. रसायनशास्त्राची स्वतःची साक्ष एकच होती आणि ती नकारार्थी होती. फ्लुओरीन प्रथम मुक्त करणारे आंरी म्वासाँ यांनी रॅम्झींनी पाठविलेल्या आर्गनवर १८९५ साली फ्लुओरीनचा प्रयोग केला. तरीही आर्गन अविचल राहिला.

आर्गनचे एखादे संयुग खनिजांत सापडते का, या शोधात रॅम्झी यांचे लक्ष हिलेब्रँड यांच्या वायूकडे वेधले गेले. १८९५च्या मार्चमध्ये त्यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू काढून वर्णपट पाहिला, तो आर्गनऐवजी एक झगझगीत पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषेशी जुळत नव्हती. विल्यम क्रुक्स यांनी तिची तरंगलांबी मोजून ती सूर्यावरील डी–३ असल्याचे सांगितले. स्वीडनमध्ये क्लेव्ह व लांगलेट यांनीही हेलियम स्वतंत्रपणे मिळविले. पार्थिव वायूची रेषा सूक्ष्म निरीक्षणात दुहेरी आढळली, तेव्हा सूर्यावरील रेषा पुन्हा पाहण्यात आली आणि तीही दुहेरीच निघाली. सत्तावीस वर्षांपूर्वी कोकण–दख्खनवरील ग्रहणात ज्या प्रकाशाची नोंद झाली होती, त्याचे द्रव्य असे अखेर काचेच्या नळीत आले.

४. १८९८ : साहेबाचे ओटे

त्यानंतर तीनच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, ग्रहणाची छाया पुन्हा याच किनाऱ्यावर आली. या वेळी मात्र ऋतू अनुकूल होता. पौषातील कोरडी हवा आणि निरभ्र आकाश, यांमुळे जगभरची पथके पश्चिम हिंदुस्थानात दाखल झाली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे कँपबेल यांच्याप्रमाणेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही पथक होते. विजयदुर्गावर जे पथक उतरले त्याचे प्रमुख सर नॉर्मन लॉकियर होते. ‘मेल्पोमीनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी उपकरणे चालविण्यासाठी त्यांच्या दिमतीस होते. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची होती. तेवढ्यात लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णगोलाचे वर्णपट टिपावयाचे होते.

यावरून लोकस्मृतीत काय घडले असावे याचा उलगडा होतो. लॉकियर विजयदुर्गावर आले होते ही गोष्ट खरी आहे. हेलियमशी त्यांचे नाव जोडलेले आहे तेही योग्यच आहे. १८६८चे ग्रहण येथून खग्रास होते आणि हेलियमच्या कथेचा आरंभ त्या ग्रहणापासून होतो, हीदेखील वस्तुस्थिती आहे. परंतु या तीन सत्यांच्या मिश्रणातून चौथे असत्य निर्माण झाले. लॉकियर आले ते तीस वर्षांनंतर. जे मूलद्रव्य त्या वेळी प्रयोगशाळेत सिद्ध झालेलेही होते, त्याचा शोध लावण्यासाठी ते आले नव्हते. ओट्यांचा संबंध १८९८च्या तळाशी जोडणे हेच अधिक सयुक्तिक ठरते. अशा दुरुस्तीने स्थानमाहात्म्य कमी होत नाही. ज्या द्रव्याचे अनुमान लॉकियर यांनी तरुण वयात केवळ एका रेषेवरून केले, ते सिद्ध झाल्यानंतर त्याच्या मूळ स्थानाचा वेध घेण्यासाठी त्यांनी विजयदुर्ग निवडला, ही खरी हकीकत कल्पित हकीकतीपेक्षा उणी नाही.

त्याच १८९८ सालच्या मे ते जुलै या महिन्यांत रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनातून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन ही आणखी तीन मूलद्रव्ये शोधली. हे दोघेही पुढे हिंदुस्थानच्या विज्ञानेतिहासात येतात. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित संशोधनसंस्थेबाबत सल्ला देण्यासाठी रॅम्झी १९००–०१च्या हिवाळ्यात या देशात आले आणि त्यांनी बंगलोरची शिफारस केली. ट्रॅव्हर्स १९०६ साली त्या संस्थेचे पहिले संचालक झाले.

५. निष्क्रियतेचे कारण

निष्क्रिय वायू हाती आले तरी ते निष्क्रिय का, हा प्रश्न उरलाच होता. प्रथम ‘शून्य संयुजा’ असे नाव देऊन त्यांना आवर्त सारणीत शून्य गणात बसविले गेले. पण नाव म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. १९१३ साली बोर यांची अणुरचना मांडली गेली आणि त्याच सुमारास मोझली यांनी अणुक्रमांक निश्चित केले. त्यामुळे आर्गनचा अणुभार पोटॅशियमपेक्षा अधिक असूनही त्याचे स्थान आधी का, ही अडचण दूर झाली. १९१६ साली कोसेल व लुइस यांनी हीच मूलद्रव्ये संयुजेच्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी आणली. इतर अणू इलेक्ट्रॉन देतात, घेतात किंवा वाटून घेतात ते निष्क्रिय वायूंसारखी रचना प्राप्त व्हावी म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. जो गण सारणीतून गळला होता तोच तिच्या उलगड्याची किल्ली ठरला.

तथापि ‘पूर्ण कवच’ हे शब्दही पुरेसे नाहीत. कवच पूर्ण असल्याने अणू संतुष्ट होतो, ही भाषा अलंकारिक आहे. खरा हिशेब ऊर्जेचा आहे. बंध निर्माण होण्यासाठी अणूने आपला इलेक्ट्रॉन अंशतः तरी सोडला पाहिजे किंवा दुसऱ्याचा घेतला पाहिजे. हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढून घेण्यास २४.५९ इलेक्ट्रॉन–व्होल्ट ऊर्जा लागते. सर्व मूलद्रव्यांत हा आकडा सर्वांत मोठा आहे. इलेक्ट्रॉन घेण्याचेही द्वार बंद आहे. आतील कवच भरलेले असल्याने नव्या इलेक्ट्रॉनला पुष्कळ वरच्या ऊर्जापातळीवर राहावे लागते आणि तेथे केंद्राचे आकर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही. देण्याचा खर्च अवाजवी, घेण्याचा लाभ शून्य. म्हणून व्यवहार होत नाही.

आता सूर्याकडे वळून पाहावे. हेलियमच्या इलेक्ट्रॉनला सोडवून नेणे तर दूरच, त्याला नुसते पहिल्या उत्तेजित पातळीवर नेण्यासही जवळजवळ २० इलेक्ट्रॉन–व्होल्ट लागतात. डी–३ रेषा ही अशा उत्तेजित पातळ्यांमधील संक्रमणातून निर्माण होते. सूर्याच्या दृश्य पृष्ठाचे तापमान सहा हजार अंशांच्या आत असल्याने तेथील हेलियमचे अणू जवळजवळ सर्वच मूळ पातळीवर राहतात. म्हणून सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चतुर्थांश हेलियम असूनही त्याच्या नित्य वर्णपटातील असंख्य काळ्या रेषांमध्ये त्याची ठळक खूण नाही. बिंबाच्या कडेवरील वर्णगोलात व ज्वालांत मात्र किरीटाकडून येणारे तीव्र जंबुपार किरण या अणूंना उत्तेजित करतात आणि तेथेच पिवळी रेषा उमटते. बिंबाच्या झगझगाटात ती हरवते, म्हणून तिच्या प्रथम दर्शनास ग्रहणाचा अंधार लागला. जे बंधन हेलियमला संयोगापासून दूर ठेवते, तेच त्याला नित्य सूर्यप्रकाशातही लपवून ठेवते.

पृथ्वीवरील त्याच्या दुर्मीळतेचे मूळही तेथेच आहे. पृथ्वी घडताना हायड्रोजन पाण्याच्या रूपाने व ऑक्सिजन खडकांच्या रूपाने बांधला गेला. हेलियमला कोणत्याच संयुगाने धरून ठेवले नाही, आणि हलकेपणामुळे वातावरणातूनही ते निसटले. आज हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे पाच भाग एवढेच आहे. जे आढळते ते खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून उत्पन्न झालेले आहे. रदरफोर्ड व रॉइड्स यांनी अल्फा कण म्हणजे हेलियमची केंद्रेच, हे सिद्ध केले तेव्हा क्लेव्हाइटचे रहस्य उलगडले. बंगालमधील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून हेलियम वर येते तेही याच मार्गाने.

६. निष्क्रियतेच्या सीमा

निष्क्रियता हा एकच गुण मानण्याची चूक टाळली पाहिजे. नायट्रोजनही मंद समजला जातो, परंतु त्याचे कारण निराळे आहे. त्याच्या अणूला बंधांचे वावडे नाही. उलट दोन अणू परस्परांशी तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात की तो तोडण्यास मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. वाट दाखविणारा उत्प्रेरक भेटला की हा अडसर दूर होतो. कोकणात भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा कुळीथ घेतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू साध्या तापमानात हेच काम करतात. हिलेब्रँड यांनी हेलियमला नायट्रोजन समजण्यात जी गफलत झाली, तिच्या मुळाशी या दोन भिन्न निष्क्रियतांचे बाह्य साम्य होते. एकीत अडथळा आहे, दुसरीत लाभच नाही.

शिवाय लाभ नसणे हेही निरपेक्ष नव्हे. निष्क्रिय वायूंच्या गणात खाली उतरत जावे तसे बाह्य इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातात आणि आयनीभवनाची ऊर्जा घटते: निऑन २१.५६, आर्गन १५.७६, क्रिप्टॉन १४.००, झेनॉन १२.१३ इलेक्ट्रॉन–व्होल्ट. हे आकडे उपलब्ध होते. लायनस पॉलिंग यांनी १९३३ साली झेनॉनची संयुगे शक्य असल्याचे सुचविलेही होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात योस्ट व के यांनी झेनॉन व फ्लुओरीन यांच्या मिश्रणातून विद्युत्स्राव घडवून पाहिला, परंतु संयुग हाती आले नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे पाठ्यपुस्तकांतील ‘निष्क्रिय’ हा शब्दच प्रयोगाच्या वाटेत उभा राहिला.

२३ मार्च १९६२ रोजी व्हँकूव्हर येथे नील बार्टलेट यांनी तो शब्द बाजूस सारला. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हे ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन हिरावून घेते, असे त्यांना आधी आढळले होते. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन–व्होल्ट, म्हणजे झेनॉनइतकीच आहे, हे ध्यानी येताच त्यांनी दोन्ही वायू एकत्र केले. साध्या तापमानातच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याची रचना प्रथम मानली होती त्यापेक्षा गुंतागुंतीची असल्याचे पुढे दिसून आले, पण मुख्य निष्कर्ष अबाधित राहिला. त्याच वर्षी अरगॉन प्रयोगशाळेत झेनॉन टेट्राफ्लुओराइड तयार झाले. झेनॉन व फ्लुओरीन यांचे मिश्रण काचेच्या पात्रात नुसते सूर्यप्रकाशात ठेवले तरी झेनॉन डायफ्लुओराइड बनते, हेही लवकरच निदर्शनास आले. १९३३चे अपयश निसर्गनियमाचे नव्हते.

क्रिप्टॉनचे डायफ्लुओराइड १९६३ साली निश्चित झाले. २००० साली हेलसिंकी येथे अतिशीत अवस्थेत आर्गनचे एक उदासीन संयुग मिळाले. २०१७ साली वातावरणाच्या दहा लाख पटींहून अधिक दाबाखाली हेलियम व सोडियम यांचे संयुग सिद्ध झाल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या दोन मूलद्रव्यांच्या पिवळ्या रेषांची १८६८ साली गल्लत झाली, तीच येथे एकत्र आली. आज या गणास ‘निष्क्रिय वायू’ म्हणण्याऐवजी ‘राजवायू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे तो यामुळेच. राजधातू असलेले सोनेदेखील अम्लराजात विरघळतेच.

निष्क्रियता बाह्य इलेक्ट्रॉनांपुरती मर्यादित आहे, हेही विसरता कामा नये. नाट्यासमोरील तीरावर माडबन येथे जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी जागा निवडण्यात आली आहे. अणुभट्टीच्या भौतिकीत झेनॉनचे रूप पालटते. झेनॉन–१३५ हा समस्थानिक न्यूट्रॉन शोषून घेण्यात इतका अधाशी आहे की भट्टी मंदावण्यास त्याचा अल्पसा साठा पुरतो. १९४४ साली अमेरिकेतील हॅनफर्ड येथील भट्टी सुरू होताच या कारणाने थांबली होती. उलट क्रिप्टॉन व झेनॉन यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक कोणत्याही रसायनाशी बद्ध होत नसल्यामुळे त्यांना अडविण्यास रासायनिक शोषक चालत नाहीत. कोळशाच्या थरांत त्यांचा ऱ्हास होईपर्यंत त्यांना रेंगाळत ठेवावे लागते. रसायनज्ञाच्या दृष्टीने जो आळशी, तो अभियंत्याच्या दृष्टीने सदैव जागता असतो.

७. उपसंहार

वरील इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निष्क्रियता हा मूलद्रव्याचा स्वयंभू स्वभाव नसून तो एक संबंध आहे. कोणत्या सहकाऱ्यापुढे, कोणत्या दाबात व कोणत्या ऊर्जेच्या सान्निध्यात, हे सांगितल्याखेरीज तिचे विधान पूर्ण होत नाही. हेलियममध्ये हा संबंध पराकोटीला जातो, आणि त्याच एका कारणाने ते पृथ्वीवर विरळ, सूर्यप्रकाशात अदृश्य आणि प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे अप्राप्य राहिले.

दुसरा निष्कर्ष स्थानिक इतिहासाविषयी आहे. नाटे–विजयदुर्ग किनाऱ्यास हेलियमच्या इतिहासात निश्चित स्थान आहे, परंतु ते शोधस्थानाचे नव्हे. १८६८ साली येथून छाया गेली आणि त्याच छायेत जमखंडी व गुंटूर येथे रेषा दिसली. तिचा अर्थ इंग्लंडमधील मापनांतून लागला आणि तिचे द्रव्य १८९५ साली एका खनिजातून बाहेर आले. १८९८ साली तिचा अर्थ लावणारा ज्योतिर्विद विजयदुर्गावर आला. साहेबाच्या ओट्यांपाशी ही चार वाक्ये कोरली गेली, तर तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यास एका व्यक्तीच्या चमत्काराऐवजी अनेकांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या ज्ञानाची ओळख होईल.